पट कुठल्या तारखेचा?

नव्या शाळेचा प्रस्ताव, वाढीव तुकडी, कॉलेजची नवी विद्याशाखा, कागद कुठलाही असो, त्यात एक रकाना हमखास असतो: ‘अपेक्षित विद्यार्थी संख्या’. पहिल्या वर्षी ४०, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी १२०. आकडे असे जिन्याने चढतात, कारण ते वर्गखोलीत बाकं किती मावतात हे बघून भरलेले असतात. गावात पाळणे किती हलताहेत हे बघून नव्हे. मंजुरीचं पत्र हातात पडलं की हा रकाना पुन्हा कोणी उघडत नाही. तिथून पुढे शाळा चालते ती पटावर. संचमान्यतेवरून, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर हे पटावरून ठरवण्यावरून, सध्या जी ओढाताण चालू आहे तिच्या मुळाशी हेच आहे. पुढच्या जूनला किती मुलं येतील याचा अंदाज कोणी बांधत नाही. मागच्या सप्टेंबरची मोजणी पुढच्या वर्षाला लावली जाते, आणि फरक पडला की तो कोणाच्या माथी मारायचा यावर भांडण होतं.

जुना इतिहास थोडक्यात. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली आणि मुंबई इलाख्यात ते काही काळ परीक्षेच्या निकालाला बांधलेलं होतं. साहेब तपासणीला येतील त्या दिवशी वर्ग भरलेला दिसला पाहिजे, ही धडपड तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. स्वातंत्र्यानंतर व्यवहार साधा झाला: संस्थेने मुलं जमवायची, सरकारने पगार द्यायचा. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आली, शिक्षकाच्या नोकरीला संरक्षण मिळालं. ते हवंच होतं. पण मुलं घटली तरी शिक्षक घटत नव्हता, तो ‘अतिरिक्त’ होत होता. त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत, बहुधा दुसऱ्या तालुक्यात. त्यामुळे जूनमध्ये पटावर चार नावं कमी पडली तर चिंता संस्थाचालकापेक्षा सर्वांत कनिष्ठ शिक्षकाला जास्त. मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवर वाड्यावस्त्या फिरून ‘आमच्याकडे टाका पोराला, सायकल देतो, दप्तर देतो’ म्हणणारे गुरुजी इथून जन्माला आले. बरेचदा ती सायकल त्यांच्याच खिशातून यायची.

२००१ मध्ये सरकारने नवा करार पुढे केला: शाळा काढा, पण अनुदान कधीच मागायचं नाही. ‘कायम विनाअनुदानित’ हे त्याचं नाव. शेकडो संस्थांनी तसं लिहून दिलं. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा एक शब्द काढून टाकण्यात आला आणि ज्यांनी कधी मागणार नाही असं लिहून दिलं होतं ते सगळे अनुदानाच्या रांगेत येऊन उभे राहिले. रांगेत टिकायचं तर पट दाखवायला हवा. त्याच सुमारास, एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टातली पायरी सगळ्या मुख्याध्यापकांना तोंडपाठ आहे: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. म्हणजे एकसष्टावं मूल हे नुसतं मूल नाही, तो एक अख्खा पगार आहे. ते एक घर ऊसतोडीला गेलं की तिसरं पद धोक्यात.

२०११ ची पटपडताळणी या पार्श्वभूमीवर झाली. आजचा प्रत्येक नियम कुठे ना कुठे त्या तीन दिवसांशी जोडलेला असल्यामुळे तिच्यावर जरा रेंगाळावं लागेल. सुरुवात नांदेड जिल्ह्यात झाली. तिथल्या प्रशासनाने एकाच वेळी सगळ्या शाळांवर पथकं पाठवून डोकी मोजली, तेव्हा लाखाच्या वर नावं नुसती कागदावर निघाली. मग तोच प्रयोग राज्यभर करायचं ठरलं: ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११. महसुलापासून इतर खात्यांपर्यंत कर्मचारी कामाला लावले. एकच मूल सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत उभं राहू नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई.

त्यांतल्या एका दिवशी मी एका पथकाबरोबर होतो. दोनशिक्षकी शाळा, पटावर ५८, समोर ४३. बाईंनी एका पोराला पिटाळलं, ‘जा रे, सुनीताला बोलाव.’ सुनीता धाकट्या भावाला कडेवर घेऊनच आली. आई शेतावर, भाऊ कुणाकडे ठेवणार? पथकातल्या कारकुनाने घाईत दोघांच्याही बोटाला शाई लावली आणि ४५ लिहिलं. मग बाईंनीच सांगितलं, साहेब, तो अडीच वर्षांचा आहे. आकडा खोडून ४४ केला. खोडाखोड झाली म्हणून शेजारी सही. सगळी मोजणी अशी झाली असं मी म्हणत नाही. पण नंतर या आकड्यांवर जेवढा भार टाकला गेला, तेवढ्यासाठी ते बनलेले नव्हते एवढं त्या खोडलेल्या रकान्याने पटलं.

निकाल आला. राज्यात पटावरची सुमारे २० लाख मुलं त्या दिवसांत जागेवर आढळली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बातम्यांत शब्द होता ‘२० लाख बोगस विद्यार्थी’. इथेच सगळा घोळ आहे. त्या आठवड्यातला गुरुवार, ६ ऑक्टोबर, दसरा होता. मोजणीचे तीन दिवस म्हणजे नवरात्राचा शेवट, घरोघर नवमीची तयारी. मराठवाड्यात आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात सीमोल्लंघन म्हणजे पाटी-दप्तर बांधून ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागायचे दिवस. मुकादमाने मजुरीची उचल आधीच दिलेली असते. त्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा होत्या, हंगामी वसतिगृहं होती, पण किती पोरं त्यांत पोचायची हे त्या भागात राहणाऱ्याला विचारावं. या मुलांचं नाव पटावर असणं खोटं नव्हतं आणि ती वर्गात नसणंही खोटं नव्हतं.

आणि तरीही खोटेपणा प्रचंड होता, हेही तितकंच खरं. एका मुलाचं नाव जिल्हा परिषदेत आणि आश्रमशाळेत, दोन्हीकडे. नाव गावच्या शाळेत, मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. गावातच नसलेली नावं. या नावांवर पोषण आहाराचा तांदूळ उचलला जात होता, गणवेश येत होते, पुस्तकं येत होती आणि तुकड्या मंजूर होत होत्या. निम्म्याहून अधिक पट गायब असलेल्या शाळा चौदाशेच्या घरात निघाल्या. त्यांच्यावर गुन्हे नोंदवण्याचा विषय न्यायालयात गेला, आदेश झाले आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षं लोंबकळली. शिक्षकांची बाजू मी वर जरा जास्त जोरात मांडली असेल. पण ज्यांनी खरोखर लबाडी केली त्यांच्यातले थोडेच अडकले आणि मोजणीचा फटका सरसकट सगळ्यांना बसला, हे माझं मत आजही कायम आहे.

फटका असा. ‘पट’ हा शब्द तोवर सैल होता आणि त्या सैलपणावर यंत्रणा चालत होती. दाखलपात्र म्हणजे ज्याचं वय झालं तो. दाखल म्हणजे ज्याचं नाव जनरल रजिस्टरात चढलं तो. पटावरचा म्हणजे ज्याचं नाव हजेरीत आहे तो. मग सरासरी उपस्थिती वेगळी, आज हजर वेगळे, आहाराचे लाभार्थी वेगळे. एकाच शाळेचे हे सहा आकडे सहा असू शकतात आणि सहाही खरे असू शकतात. शाळांच्या वार्षिक माहितीत ३० सप्टेंबरचा पट धरतात. २०११ ला ३० सप्टेंबरचा पट आणि ३ ऑक्टोबरची हजेरी शेजारी ठेवून वजाबाकी केली गेली आणि बाकीला ‘बोगस’ म्हटलं गेलं. सप्टेंबरअखेरचं रजिस्टर आणि दसऱ्याआधीचा वर्ग या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत हे कुठल्याही मुख्याध्यापकाने सांगितलं असतं. सांगितलंही होतं.

त्या वजाबाकीतून अतिरिक्त शिक्षकांचा डोंगर उभा राहिला. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने अतिरिक्तांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती थांबली. आता शिक्षक घडवणाऱ्या डीएड कॉलेजांकडे बघा. आधीच्या काही वर्षांत गल्लोगल्ली परवानग्या वाटल्या होत्या, प्रत्येक प्रस्तावात तोच चढता रकाना. पोरांनी बारावीनंतर दोन वर्षं घालवली, घरच्यांनी पैसे घातले आणि बाहेर पडताना दार बंद. शिक्षक किती लागतील याचा अंदाज एका टेबलावर, शिक्षक किती घडवायचे याची परवानगी दुसऱ्या टेबलावर, मुलं किती याची मोजणी तिसऱ्या. पुढे सरकारच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलमार्फत भरती सुरू झाली तोवर त्यांतल्या अनेकांची वयं उलटली होती. कित्येक डीएड कॉलेजांना कुलूप लागलं ते लागलंच.

२०१५ पासून मुलांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरल प्रणाली आली, प्रत्येक मुलाला आयडी मिळाला. दुहेरी नावं पकडण्यासाठी हा उपाय योग्यच होता. त्याच वर्षी २८ ऑगस्टला संचमान्यतेचे नवे निकष आले. मग आधार जोडणी, आणि कालांतराने ‘आधार वैध’ मुलंच संचमान्यतेत धरायची, हा पवित्रा. वरच्या सहा आकड्यांत सातव्याची भर. रजिस्टरात ‘पवार’, आधारवर ‘पावर’. जन्मतारखेत एक दिवसाचा फरक. मूल रोज पहिल्या बाकावर बसतंय, फळ्यावरचं उतरवून घेतंय, पण यंत्रणेच्या लेखी ते नाही. मूल शाळा बदलतं तेव्हा येणारी ऑनलाइन विनंती जुनी शाळा दाबून ठेवते ती याच पायी: सोडलं तर पट घटतो.

२०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक, अशी मांडणी तेव्हा झाली. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत दाखवण्यात आले. विरोध झाला, विषय थंडावला. मात्र १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने तीच रेघ दुसऱ्या हाताने ओढली. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असली तर शिक्षकाचं पद शून्य. मुलं आहेत, वर्ग आहे, विज्ञान-गणिताचं पुस्तक आहे, मंजूर शिक्षक नाही. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ ला, बरोब्बर शिक्षक दिनी, वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोनांपैकी एक शिक्षक महिना १५ हजारांवर कंत्राटी ठेवण्याचा निर्णय निघाला. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात मर्यादा वीसवरून दहावर आली. वीस का आणि दहा का, याचं उत्तर दोन्ही निर्णयांत सापडत नाही.

कॉलेजांचं थोडक्यात. विद्यापीठांचा बृहत् आराखडा हा कागदावर तरी खरोखरचा अंदाज आहे: पाच वर्षांत कुठे, कुठल्या विद्याशाखेचं कॉलेज लागेल. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा लोकसंख्येचा पाया २०११ चाच. अकरावीचं चित्र २०२५ मध्ये उघडं पडलं. तोवर मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरते असलेले ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदा राज्यभर झाले. दहावीला साडेचौदा लाख मुलं उत्तीर्ण आणि अकरावीच्या जागा २१ लाखांच्या पुढे. या लाखो रिकाम्या जागा एका वर्षात झालेल्या नाहीत. त्या प्रत्येकीमागे कुठल्या तरी वर्षी भरलेला ‘अपेक्षित विद्यार्थी’ हा रकाना आहे.

खरं तर पहिलीचा अंदाज बांधणं यातलं सर्वांत सोपं काम. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर एका स्त्रीमागे १.७ मुलं होता, मुलं कमी होत जाणार हे गुपित नाही. पहिलीत येणारं मूल सहा वर्षं आधी जन्मनोंदीत आणि तीन वर्षं आधी अंगणवाडीच्या रजिस्टरात असतं. शिक्षक दर उन्हाळ्यात घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करतातही. शाळापूर्व तयारी मेळाव्यात ती वाचली जाते, प्रवेशोत्सवाला त्या मुलांना फुगे आणि गुलाबाचं फूल मिळतं, मग यादी कपाटात जाते. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकेने यंदाच्या यादीखाली पेन्सिलीने अंगणवाडीतले पुढचे आकडेही लिहून ठेवलेत: ५, ३, ४. आजचा पट २३ आहे. चौथीतून बाहेर पडणारे वजा केले तर दोन वर्षांनी शाळा विसाच्या खाली जाते हे त्यांना आत्ताच दिसतंय. ऑनलाइन भरायच्या माहितीत हे तीन आकडे कुठे टाकायचे, असं त्यांनी आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाई, ३० सप्टेंबरचं तेवढं वेळेत भरा.’