बाल साहित्य पुरस्कार आणि आपली सीमा

‘आपण कर्नाटकात. मराठीतल्या बालसाहित्याचा पुरस्कार महाराष्ट्रातल्यांनाच. आपली पुस्तकं तिकडं धरत नाहीत.’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हे मी लहानपणापासून ऐकतोय. हे चूक आहे.

साहित्य अकादमी ही दिल्लीची, देशपातळीवरची संस्था. तिचा बाल साहित्य पुरस्कार 2010 पासून 24 भाषांत दिला जातो. 50 हजार रुपये आणि ताम्रपट. यात पाहतात ती पुस्तकाची भाषा, लेखकाच्या घराचा पत्ता नव्हे. लेखक भारतीय हवा, एवढंच. बेळगावात बसून मराठीत लिहिलेलं पुस्तक मराठीतच मोजलं जातं. राज्य सरकारांचे पुरस्कार वेगळे, त्यांचे नियम वेगळे. गोंधळ बहुधा तिथूनच शिरला असावा.

दाखला घरातलाच आहे. कवयित्री इंदिरा संत बरीच वर्षं बेळगावात राहिल्या, आणि अकादमीचा मुख्य पुरस्कार त्यांना 1984 साली ‘गर्भरेशीम’साठी मिळाला. मराठीचा म्हणूनच.

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेची दोनशे पानी वही मी पाहिलीय. भाताची लावणी, इरलं, शाळेच्या वाटेवरचा ओढा, सगळ्यावर मुलांसाठी कविता. कडा पावसानं फुगलेल्या. ‘आपल्याला कोण विचारतंय?’ म्हणून ती वही कपाटातच. मला याचंच फार वाईट वाटतं. विचार होतो तो छापलेल्या पुस्तकाचा, वहीचा नाही. बाई, पुस्तक काढा.