रोबो दोन बोटं सरकला की लिंक परत येते, त्यामागचा इतिहास

कोथरूडमधल्या आमच्या लॅबमध्ये पोरं एक छोटा रोबो वायफायवर फिरवतात आणि तो कॉरिडॉरमध्ये लिफ्टच्या मागे गेला की हमखास लिंक, म्हणजे वायफायचं कनेक्शन, तुटून गप्प होतो. दर वर्षी नव्या बॅचला वाटतं कोड गंडलाय, मग कोणीतरी जाऊन त्याला हाताने दोन बोटं पुढे ढकलतं आणि लॅपटॉपवर लगेच व्हिडिओ सुरू. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर, भिंतीवर-लोखंडावर आपटून आलेल्या लहरी एखाद्या जागी एकमेकींना मारतात आणि तिथून तीन-चार सेंटीमीटरवरच सिग्नल पुन्हा चांगला मिळू शकतो. वायरलेस, रोबो आणि सेन्सिंग (म्हणजे सेन्सरने आजूबाजूचं मोजणं) हे तीन विषय एकत्र का आले ते मला या दोन बोटांत दिसतं.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या शेकी नावाच्या रोबोपासून धरू, १९६६ ते १९७२. तेव्हाचा कॉम्प्युटर त्याच्या अंगावर मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मेंदू एका जागी आणि चाकं दुसरीकडे, मध्ये रेडिओ. १९७१ मध्ये हवाईत नॉर्मन अब्रॅमसन यांच्या टीमने अलोहानेट हे कॉम्प्युटरचं रेडिओ नेटवर्क चालू केलं, बेटांवरची टर्मिनल एकाच चॅनलवर बोलणार, दोघं एकदम बोलले तर थोडं थांबून परत पाठवायचं. साधी आयडिया, पण चॅनलचा जेमतेम १८ टक्के उपयोग व्हायचा. आजच्या वायफायमध्ये आधी ऐका मग बोला अशी सुधारणा आहे, मूळ तेच.

सेन्सरची बाजू नव्वदच्या दशकाच्या शेवटी जोरात आली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर यांचं स्मार्ट डस्ट, म्हणजे धुळीच्या कणाएवढे वायरलेस सेन्सर करायचा प्रकल्प, मग २००२ मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट डक बेटावर पक्ष्यांच्या बिळांत सेन्सर ठेवले गेले. इथे खरी अडचण बॅटरीची. रेडिओवर एक बिट पाठवायला जेवढी बॅटरी जाते तेवढ्यात प्रोसेसर शेकडो-हजारो सूचना चालवतो, त्यामुळे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला बरा आणि कोणीतरी जवळून जाऊन त्याचा डेटा उचललेला बरा. २००३ च्या आसपास डेटा म्यूल म्हणजे माल वाहणाऱ्या खेचरासारखी डेटा वाहणारी फिरती वस्तू हा विचार पुढे आला, आणि फिरती वस्तू म्हटलं की रोबो आलाच.

आपल्याकडे २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे रेडिओ लहरींचे पट्टे लायसनमुक्त केले, कॉलेजातल्या पोरांना मोकळेपणी प्रयोग करता आले ते त्यामुळे. २००८ मध्ये आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन ही कॉलेजच्या पोरांची रोबो स्पर्धा पुण्यात झाली, थीम होती गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडीच! दिघीच्या डीआरडीओ लॅबने बनवलेला दक्ष नावाचा रोबो बॉम्ब हाताळायला जिने चढतो आणि ऑपरेटर दूर सुरक्षित बसून रेडिओवरून चालवतो, तिथे लिंक तुटणं किती महागात पडेल ते सांगायला नको.

पण माझ्या डोक्यातून माळीण गाव जात नाही. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, पावसात डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. बातमी बाहेर आली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे, तो नेहमीच्या रूटवर गेला तर गावच दिसेना. फिरत्या वाहनाने बातमी आणली, पण सगळं होऊन गेल्यावर. त्याआधीच केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने जमिनीत सेन्सर पुरून मातीतल्या पाण्याचा दाब मोजायला सुरुवात केली होती, कारण हा दाब वाढला की मातीची पकड सुटते आणि तो आधी कळला तर माणसं हलवता येतात. सह्याद्रीत असं गावोगाव व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि तिथे डोंगराआड सिग्नल कसा न्यायचा हाच प्रश्न परत उभा राहतो.

केबल लावली की सुटलो असंही नाही. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात अपघात झालेल्या अणुवीज केंद्रात जाड काँक्रीटमुळे क्विन्स रोबोला केबल लावून आत पाठवलं, केबल तुटली आणि तो दोन नंबरच्या रिअॅक्टर बिल्डिंगमध्ये आतच राहिला. म्हणून आता रोबोने जाता जाता सिग्नल मोजायचा, कुठे लिंक मिळते त्याचा मॅप स्वतःच करायचा आणि अडलं तर शेवटच्या चांगल्या जागी मागे यायचं, यावर भरपूर काम चालतं. आमची पोरंही सध्या तेच करतायत, कॉरिडॉरच्या मॅपमध्ये सिग्नलचे आकडे रंगाने भरलेत आणि लिफ्टमागचा वीतभर पट्टा लालभडक आलाय.