सभासद यादी आणि तोडणी कार्यक्रम: सहकारी साखर कारखाना आतून कसा पोखरला गेला

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला. शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकार चळवळीतले वैकुंठभाई मेहता यांनी पाया घातला. पुढे राज्यभर जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या भांडवलाचे ढोबळ सूत्र असे: शेतकऱ्यांचे भाग 10 टक्के, सरकारचे 30 टक्के आणि उरलेले 60 टक्के कर्ज. मालकी सभासदांची, पण पैशाची दारे मुंबईत. ती ज्याला उघडता येतात तोच अध्यक्ष, हे गणित पहिल्या पिढीनंतर लगेच पक्के झाले आणि कारखान्याची निवडणूक ही विधानसभेची रंगीत तालीम बनली.

सहकार कायद्यात भाग कितीही असोत, मत एकच. त्यामुळे सत्ता टिकवायची तर सभासद यादी हातात हवी. आपल्या गावांत सभासदत्व खुले, विरोधी गटाच्या गावांतले अर्ज कपाटात. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोहोचच द्यायची नाही. मयत सभासदाची वारस नोंद रखडवायची, भागाची किंमत वाढली की विरोधकांचा भाग ‘अपुरा’ दाखवायचा. 2013 च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासदाची अट आली: पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि ठरलेल्या प्रमाणात संस्थेच्या सेवांचा वापर. हेतू चांगला होता. पण हजेरीपुस्तक कोणाच्या टेबलावर असते? कारखान्याने ऊस नेलाच नाही, तर सेवेचा वापर कसा दाखवणार?

खरी मेख ऊस नेण्यातच आहे. लागणीची तारीख आणि उसाची जात पाहून तोडणीचा क्रम लावतात; जुलै-ऑगस्टची आडसाली लागण पुढच्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच निघायला हवी. कारखान्याच्या गटऑफिसातून तोडणीची चिठ्ठी मागेपुढे झाली की उसाला तुरा येतो, वजन घटते, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारे पुढचे पीक) उशिरा फुटतो. त्यातून तोडणी टोळीची खुशाली आणि गाडीवानाची एंट्री, म्हणजे वरचे पैसे, वेगळे. मतदान झाल्यावर कोणाचा ऊस शेवटी राहतो, हे प्रत्येक शिवारात माहीत असते.

हा सूड फक्त एका शेतकऱ्याला बाधत नाही. अपक्व किंवा तोडून शिळा झालेला ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, खाली येतो. रोज 5000 टन गाळप असेल आणि उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला, तर दिवसाला 25 टन साखर कमी. 2024-25 च्या एफआरपीत, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरात, 10.25 टक्के उताऱ्याच्या वर प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3.32 रुपये होते; म्हणजे अर्धा टक्का गेला की टनामागे 166 रुपये गेले, सत्ताधारी गटाच्या सभासदांचेसुद्धा.

झोनबंदी होती तोवर हे खपून गेले, कारण ऊस दुसरीकडे नेताच येत नव्हता. 1997 मध्ये ती उठली आणि दुखावलेल्या गावांनी गाड्या शेजारच्या कारखान्याकडे वळवल्या. गाळप क्षमतेखाली गेले, हंगाम आखडला. पण निवडणुकीआधी भरलेले जादा कामगार आणि कर्जाचे हप्ते तेवढेच राहिले. कर्ज मंजूर करणारे आणि कारखाना चालवणारे बहुतेकदा एकाच वर्तुळातले असल्याने वेळीच नाही म्हणणारे कोणी नव्हते. मे 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळच बरखास्त केले. तोवर थकीत कारखान्यांची विक्री सुरू झाली होती, 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण थेट विकण्याचा अधिकार दिला होता.

अशा विक्रीत पहिला हक्क तारणधारक बँकेचा. भागधारक रांगेत सगळ्यात शेवटी, आणि त्याच्यापर्यंत सहसा काही पोहोचत नाही. नवा मालक जमीन आणि यंत्रे घेतो, सभासद यादी घेत नाही.