प्लग फेकू नका, सोबत घेऊन या
(आउटबोर्ड मशीन, म्हणजे नावेच्या मागे लावायचं इंजिन, वापरणाऱ्या नाववाल्या ग्राहकांसाठी माहिती)

प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यात मासे धरणारे, हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकणारे, अक्कलकुवा-धडगावकडे नर्मदेतून माणसं आणि किराणा नेणारे, असे सगळीकडचे नाववाले शहाद्याला आमच्या दुकानात मशीन आणतात. आल्या आल्या बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, इंजन चालूच व्हस नही.” त्यामागोमाग प्रश्न येतो, सीडीआय (ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला का? आम्ही विचारतो, जुना स्पार्क प्लग कुठे आहे? तो काठावरच फेकून दिलेला असतो. तिथे आमचं काम दुप्पट होतं, कारण आत काय बिघडलं ते प्लगच्या टोकावर दिसत असतं. म्हणून हे पत्रक काढलं. यातली माहिती मुख्यतः टू-स्ट्रोक मशीनची आहे, आमच्याकडे येतात ती बहुतेक तीच.

झाकण उघडण्याआधी

दोरी ओढून हात दुखायच्या आत लाल दोरीची (चालवणाऱ्याने अंगाला अडकवायच्या) क्लिप बघा. ती किल स्विचमध्ये नीट बसली नसेल तर प्लगला करंट येतच नाही, बाकी मशीन कितीही चांगलं असो. क्लिप हरवली म्हणून कुणी तिथे काडी नाहीतर सुतळी अडकवतं. कृपा करून असं करू नका. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन बंद करणारी तेवढीच एक वस्तू आहे. ती नसेल तर मोकळी नाव गोल फिरून त्याच माणसावर येते, आणि खाली पंखा फिरत असतो.

मग गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे का, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का, हे बघा. फुगा कडक होत नसेल तर आधी पेट्रोलची वाट तपासा.

करंट कसा तपासायचा

हे काम काठावर, पेट्रोलची टाकी लांब ठेवून आणि सांडलेलं पेट्रोल पुसून करा. दोन्ही सिलिंडरचे प्लग काढा, आपापल्या कॅपमध्ये घाला आणि त्यांची धातूची बाजू इंजिनच्या रंग नसलेल्या भागाला घट्ट टेकवा, पण प्लगच्या मोकळ्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. दोन्ही टेकवलेच पाहिजेत. एक प्लग अधांतरी ठेवून दोरी ओढली तर करंटला जायला वाट राहत नाही आणि चांगला सीडीआय किंवा कॉइल त्यातच जळू शकते. प्लग उघड्या किंवा ओल्या हाताने धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. क्लिप जागेवर ठेवून दोरी ओढा. निळी, टच्च आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी उघड्यावर दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली ती विझते. आपल्या उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून करंट नाही असं ठरवू नका, सावलीत बघा.

एकाच सिलिंडरला करंट नसेल तर दोन्ही प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग गेला. तिथेच राहिला तर कॅप, वायर किंवा कॉइल बघायची. दोन्हीकडे करंट नसेल तर प्लग बदलून काही होणार नाही. किल स्विचची वायर सीडीआयपासून सोडून बघा, ठिणगी आली तर दोष स्विचमध्ये. ही वायर सोडलेली असताना बटणाने मशीन बंद होत नाही, म्हणून तपासणी झाली की ती परत जोडायची. तरीही करंट नसेल तर चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी), पल्सर (ठिणगीची वेळ सांगणारा) किंवा सीडीआय, आणि ते काम मल्टीमीटर लावून दुकानातच होतं.

वायर लीक आहे का हे बघायचा सोपा उपाय रात्रीचा. अंधारात मशीन चालू करून वायर आणि कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लावू नका. वायर फुटलेली असेल तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

प्लग काय सांगतो

टोक फिकट तपकिरी, चहाच्या रंगाचं असेल तर मशीन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे चोक अर्धवट ओढलेला राहिला, किंवा जाळी टाकताना तासन्‌तास मशीन संथ चाललं. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त झालं. बहुतेक मशीनांना 50 लिटर पेट्रोलमागे 1 लिटर ऑइल लागतं, म्हणजे लिटरला 20 मिली. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनला बरं’ हा समज आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकतो, आणि त्यांचेच प्लग सारखे शॉर्ट होतात. कमी ऑइल मात्र त्याहून वाईट, त्यात पिस्टनच जातो.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर करंट नाही, किंवा पेट्रोल ओव्हर झालं. क्लिप काढा, चोक आत ढकला, प्लग बाहेर ठेवून आठ-दहा वेळा दोरी ओढा, वाफ उडून जाऊ द्या आणि कोरडे प्लग बसवा.

पांढरा, फोड आल्यासारखा प्लग दिसला तर मशीन त्याच दिवशी थांबवा. ते जास्त तापलेलं आहे. पावसाळ्यात तापी गाळ घेऊन येते, तो इंजिन थंड करणारं पाणी ओढायच्या जाळीत आणि इम्पेलरमध्ये (ते पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चाकात) जातो. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की समजा. टोकावर चकचकीत ॲल्युमिनियमचे कण असतील तर पिस्टन झिजतोय. अशा वेळी नवा प्लग घालून “एक फेरी करून येतो” म्हणू नका.

काजळी जुन्या टूथब्रशने आणि पेट्रोलने काढा. पॉलिश पेपरचे कण आत राहतात. पोर्सेलिनला केसाएवढी चीर असेल तरी तो प्लग गेला.

मोटारसायकलचा प्लग नको

आटे बसले म्हणून प्लग बसला असं होत नाही. 14 मिमी आट्यांचे प्लग पुष्कळ, पण कुणाची आट्यांची लांबी 12.7 मिमी तर कुणाची 19. लांब प्लग आखूड भोकात घातला तर पिस्टन त्याच्यावर आपटतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकात आकडा मोठा तितका प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), ‘आर’ म्हणजे रेझिस्टर असलेला, आणि शेवटी ‘-10’ म्हणजे 1 मिमी गॅप. मशीनच्या पुस्तकात लिहिलेला क्रमांकच घ्या, पुस्तक नसेल तर आम्ही सांगू. बसवताना हाताने शेवटपर्यंत फिरवा, नंतर पान्याने नव्याला अर्धा फेरा. जुन्याला घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढंच.

थंड असताना चालतं, तापलं की बंद

ही तक्रार मार्च ते जूनमध्ये जास्त येते. सकाळी मशीन एका ओढीत चालू होतं, अर्ध्या तासाने मिसिंग करून बंद पडतं, सावलीत तासभर ठेवलं की परत चालू. कॉइलच्या आतली बारीक तार तापून फुगते आणि कुठेतरी संपर्क सोडते. थंड झाली की जुळते. त्यामुळे दुकानात आणेपर्यंत दोष नाहीसा होतो आणि ग्राहकाला वाटतं मेकॅनिकला कळत नाही. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. हवा ओढल्याचा आवाज आला तर दोष हवेच्या स्क्रूचा होता. नाहीतर काठाला लागून, मशीन गरम असतानाच करंट बघा. करंट नसेल तर आम्हाला तेवढंच सांगा. आम्ही कॉइल तापवून मोजतो.

नर्मदेकाठच्या काही गावांना दवाखान्यापर्यंतचा रस्ता म्हणजे पाणीच. तिथली नाव पेशंट घेऊन निघते तेव्हा ‘थोडं थांबलं की चालू होतं’ हे चालत नाही. अशा मशीनचं काम आम्ही आधी हातात घेतो.

बचाव बोटींसाठी

वर्षभर शेडमध्ये उभी मशीनं जूनमध्ये हमखास रुसतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जास्त झालं की पाणी-इथेनॉल तळाला बसतं, नळी नेमकी तिथूनच ओढते. मशीन ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. मेमध्ये नवे प्लग आणि ताजं पेट्रोल घालून काठावर चालवून बघा. हतनूरचे 41 दरवाजे उघडल्यावर ही तपासणी करायला वेळ नसतो.

नावेत दोन नवे प्लग, प्लगचा पाना, जादा क्लिप आणि वल्ही असू द्या. काढलेले प्लग वेगवेगळ्या कागदात गुंडाळा, पेनने ‘वरचा’, ‘खालचा’ लिहा आणि मशीनबरोबर आणा. पुसू नका.