दगडाचा रेटा

गुळगुळीत टेबलावर पत्त्यांचा बंगला बांधून बघा. दोन पत्ते डोक्याला डोकं टेकवून उभे करावेत, तर बोटं काढायच्या आत त्यांचे पाय फाकतात. पत्त्याचं वजन ते किती! पण तिरकं टेकलेलं काहीही खाली दाबतं, तसं बाजूलाही रेटतं. मध्ययुगीन युरोपातल्या गवंड्यांची सगळी झुंज या रेट्याशी होती.

दगड दाब भरपूर सोसतो, ताण आला की तडकतो. त्यामुळे रुंद जागेवर सपाट दगडी छत टिकत नाही, कमानच हवी. लाकडी सेंट्रिंगवर दगड रचायचे, चुना धरला की सेंट्रिंग काढायचं. इंग्लंडमध्ये डरहॅमच्या कॅथेड्रलचं काम १०९३ मध्ये सुरू झालं. तिथल्या छतात तिरप्या दगडी फासळ्या एकमेकींना छेदत जातात आणि भार कोपऱ्यांतल्या खांबांवर उतरतो. पुढे याच युक्तीमुळे मधल्या भिंती काढून भल्यामोठ्या खिडक्या बसवता आल्या. पण भिंतच नाही, तर रेटा अडवायचा कोणी? बाहेरून दगडी टेकू दिले. तेही अर्धकमानीसारखे, हवेतून झेप घेऊन भिंतीला खांदा लावणारे. यांनाच फ्लाइंग बट्रेस म्हणतात.

मग उंचीची चढाओढ लागली. फ्रान्समधल्या बोव्हे गावाने आपल्या कॅथेड्रलचं छत ४८ मीटरवर नेलं, म्हणजे आपली सोळा मजली इमारत. १२७२ मध्ये ते पुरं झालं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. टेकू कमी पडले की वाऱ्याने घात केला, यावर अभ्यासक अजून भांडतात. दुरुस्तीत मधेमधे जादा खांब घातले. चर्चचा पुढचा लांब दालनाचा भाग मात्र कधी बांधलाच गेला नाही.

छत आणि टेकू यांचं नातं पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या आगीनंतर उघडं पडलं. १५ एप्रिल २०१९ ला जळता मनोरा छत फोडून आत पडला. बहुतेक दगडी छत तगलं, पण अभियंत्यांना घोर लागला तो बाहेरच्या टेकूंचा. शतकानुशतकं ते छताच्या रेट्याला तोलून धरत होते. समोरचा रेटाच गेला, तर तेच भिंतीला आत ढकलणार! म्हणून २८ टेकूंखाली, प्रत्येकाच्या मापाने बनवलेली लाकडी सेंट्रिंगं क्रेनने सरकवली. छताची भगदाडं दगडांनी भरून झाल्यावरच ती काढली.