खण आणि गाळा (वास्तुरचना)

इमारतीच्या सांगाड्यात एकाच मापाने पुन्हा पुन्हा येणारा भाग, म्हणजे दोन खांब, दोन तुळया किंवा दोन कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) यांच्यामधली जागा, हा खण. तुळई, स्लॅब, कमान किंवा पूल मध्ये कुठेही न टेकता एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत जेवढे अंतर ओलांडतो, तो गाळा. खण मोजून सांगायचा, गाळा मापून. बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. औद्योगिक वसाहतीत तर गाळा भाड्यानेही मिळतो.

जुन्या मराठी घरांचे मापच खण होते: पाच खणी सोपा (घराचा पुढचा भाग), दोन खणांचे माजघर. वाड्याच्या ओसरीत उभे राहून वर पाहिले की तुळया ओळीने दिसतात; दोन तुळयांमधला पट्टा म्हणजे एक खण. खांब मोजून खण सांगणारा हमखास चुकतो, कारण पाच खणांना सहा खांब लागतात. खण विषम असले तर दार मधोमध बसते. सम असले तर तिथे नेमका खांब येतो. खोलीची रुंदी मालकाच्या हौसेपेक्षा लाकडावर ठरे. सागाचा सोट जेवढा लांब आणि जाड मिळेल, तेवढीच तुळई.

गाळा वाढवणे महाग पडते. दर फुटावरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर तुळईला वाकवणारा परिणाम चौपट होतो आणि त्याच तुळईचा झोल सोळापट. म्हणूनच झुकलेल्या लाकडी तुळईखाली मध्ये टेकू दिला की एका गाळ्याचे दोन होतात आणि घर तगते. हाच उपाय आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या तुळईला डोळे झाकून करू नये. टेकूवर तुळईची वरची बाजू ताणली जाते, आणि तिथे पुरेशी सळई घातलेली नसते.

शेडच्या बाबतीत फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. २४ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब शेड घ्या. कैचीचा गाळा २४ मीटर. कैच्या सहा-सहा मीटरवर उभ्या केल्या तर खण दहा आणि कैच्या अकरा. पुढे जागा कमी पडली तर टोकाला आणखी दोन खण जोडता येतात. रुंदी वाढवायची म्हटले, की एकतर प्रत्येक कैची नवी किंवा शेजारी दुसरा गाळा आणि मध्ये खांबांची रांग.

दगड ताण सोसत नाही, म्हणून दगडी बांधकामात मोठा गाळा कमानीने किंवा घुमटाने साधतात. विजापूरच्या गोलघुमटाखालचा प्रचंड चौक मध्ये एकही खांब न घेता झाकला आहे. पोलाद आणि केबलने हे अंतर कुठल्या कुठे नेले: वांद्रे-वरळी सागरी सेतूचे मुख्य गाळे २५० मीटरचे आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र सगळा हिशेब उलटा आहे. तिथे ३७ खांब आहेत, त्यांच्या रांगांमुळे खणही नीट पडलेले दिसतात, पण लेणे डोंगरातच कोरलेले असल्याने छत त्यांच्यावर टेकलेले नाही. वरच्या सागवानी फासळ्याही काही पेलत नाहीत. लाकडी इमारतीची सवय कारागिरांच्या हातात इतकी मुरलेली होती, की खडकालाही त्यांनी खण पाडले.