फेडरल थिएटर प्रोजेक्टची भित्तिपत्रके

अमेरिकेतील महामंदीच्या काळात सरकारी पैशांवर चाललेल्या नाट्ययोजनेची (१९३५–३९) जाहिरातपत्रके. बेकारांना काम देण्यासाठी स्थापन झालेल्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशनने ऑगस्ट १९३५ मध्ये हॅली फ्लॅनगन यांच्या संचालकत्वाखाली ही योजना सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये नटांना, रंगमंच कामगारांना आठवड्याला सुमारे २४ डॉलर मिळत. चित्रकारांसाठी फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही वेगळी योजना होती. नाटकांची बरीच भित्तिपत्रके तिच्या कार्यशाळांतून निघाल्यामुळे ती दोन्ही योजनांच्या नावांनी ओळखली जातात.

छपाई : सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत भित्तिपत्रके हाताने रंगवत. चित्रकार ॲन्थनी व्हेलोनिस यांनी तेथे रेशमी पडद्यावरची छपाई, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिकांमुळे ओळखीचे झालेले स्क्रीन प्रिंटिंग, रुजवली. लाकडी चौकटीवर ताणलेल्या रेशमावर चित्रकार तेलकट शाईने आकृती काढी. वरून सरसाचा हात दिला जाई. सरस वाळल्यावर टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने शाई धुतली, की तेवढाच भाग मोकळा होई आणि रबरी पट्टीने ओढलेला रंग त्यातून खालच्या कागदावर उतरे. प्रत्येक रंगाला पडदा वेगळा. कागद केसभर सरकला तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट राहते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. मूळ प्रती हाताळताना अशा जागा आजही दिसतात. या पद्धतीने दिवसाला सहाशेपर्यंत प्रती निघू लागल्या.

स्क्रीन प्रिंटिंगचा उगम मात्र वादग्रस्त आहे. काही लेखक तो जपानी कापडछपाईच्या कातरून केलेल्या साच्यांपर्यंत नेतात. काही मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांच्या १९०७ च्या पेटंटपासून सुरुवात मानतात. साच्याची कल्पना जुनी आणि ताणलेल्या जाळीचा व्यापारी वापर विसाव्या शतकातला, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘सेरिग्राफ’ हा शब्द व्हेलोनिस यांचा की ठसाचित्रांचे अभ्यासक कार्ल झिग्रॉसर यांचा, यावरही मतभेद आहेत. तो साधारण १९४० च्या सुमारास, कलाकृती म्हणून काढलेले ठसे व्यापारी छपाईपासून वेगळे दाखवण्यासाठी रूढ झाला. त्याआधीच्या या नाट्यपत्रकांना तो लावणे कालविसंगत होय.

शैली : सपाट रंग, मोजक्या छटा, जाड अक्षरे आणि मोठी रिकामी जागा. न्यूयॉर्क कार्यशाळेचे प्रमुख रिचर्ड फ्लोथे जर्मनीतील बाउहाउस कलाशाळेत शिकलेले होते, म्हणून या शैलीचे श्रेय अनेकदा बाउहाउसला दिले जाते. ते अंशतः खरे आहे. पण रेशमी पडद्याला सपाट रंग सोपा आणि बारीक छायाप्रकाश अवघड. शिवाय रंग वाढला की मेहनत वाढते. ही कारणेही तितकीच महत्त्वाची मानायला हवीत.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एप्रिल १९३६ मध्ये कृष्णवर्णीय नटसंचाने केलेला ‘मॅकबेथ’, ‘पॉवर’ व ‘वन-थर्ड ऑफ अ नेशन’ ही वृत्तपत्रशैलीची ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ नाटके आणि शिकागोचे ‘स्विंग मिकाडो’ ही या योजनेची गाजलेली निर्मिती. ‘इट कान्ट हॅपन हिअर’ २७ ऑक्टोबर १९३६ रोजी अनेक शहरांत एकाच दिवशी रंगमंचावर आले. नाटक एकच, पण भित्तिपत्रके शहरागणिक निराळी. तुलनेसाठी इतके चांगले साहित्य क्वचितच मिळते.

अस्तित्वातील प्रती : नाट्ययोजनेवर साम्यवादी प्रचाराचा आरोप झाला आणि काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) निधी बंद केल्याने ३० जून १९३९ रोजी ती संपली. चित्रकारांच्या कार्यशाळा मात्र पुढे युद्धकाळातही चालल्या. आरोग्य, पर्यटन, सुरक्षितता असे सर्व विषय धरून १९३५–४३ या काळात सुमारे ३५ हजार आराखड्यांच्या २० लाख प्रती छापल्या गेल्या, असे सांगतात. पैकी सुमारे दोन हजार आज ज्ञात आहेत. नऊशेहून अधिक लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ही पत्रके भिंतीवर किंवा दुकानाच्या काचेवर लावण्यासाठीच होती, प्रयोग संपला की ती फाडली जात. नाट्ययोजनेचे दप्तरही दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. १९७४ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातील लॉरेन ब्राउन व जॉन ओकॉनर यांना ते बाल्टिमोरजवळच्या विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये सापडले. संहिता, नेपथ्याचे आराखडे, छायाचित्रे आणि त्यांच्यासोबत भित्तिपत्रकेही.